शनवारच्या बोर्डिंगात करमते का?

बिनमिरचीचं वरण पहिल्यांदा तोंडात घातलं तेव्हा मला वाटलं, इथं कोणाचं तरी सुतक असलं पाहिजे. शेजारी बसलेल्या पोट्ट्याला मी हळूच विचारलं, ‘कोन मेलं बे?’ तो म्हणाला, ‘कोनी नाई. इथं रोजच असं असते.’ हा पोट्टा म्हणजे अकोल्याचा गुलाब. बाप तिकडं जिनिंगात रुईच्या गाठी उचलणारा, वाळून काटकी झालेला, आणि हे पोरगं मात्र मडक्यासारखं वाटोळं. त्यानं चड्डीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, इकडंतिकडं पाहिलं आणि चिमूटभर लाल तिखट माझ्या वरणावर सोडलं. ‘मास्तरले सांगू नोको,’ म्हणाला. त्या चिमटीत आमची जी दोस्ती झाली ती जन्मभर पुरली. पण माझ्या आत्मकथेत गुलाबवर मी जास्त लिहिणार नाही, कारण डोळे शाबूत होते आणि वाचता येत होतं तोवर तो म्हणायचा, ‘माहं नाव आलं तं मले अर्धी पुस्तकं पायजेत.’

हे बोर्डिंग अमरावतीबाहेर, बडनेऱ्याच्या अंगाला, संत्र्याच्या बागेत होतं. चालवणारे ख्रिस्ती, पण त्यातले वेगळे. ॲडव्हेंटिस्ट म्हणतात त्यांना. देवाचा वार रविवार नव्हे, शनिवार, यावर ते ठाम. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत सगळं काम बंद, त्याला ते शब्बाथ म्हणत. म्हणून आमच्या भागात त्याचं नावच शनवारचं बोर्डिंग. तिथं मटण नाही, दारू नाही, बिडी नाही, चहासुद्धा नाही. चहाच्या जागी भाजलेल्या गव्हाची काळी कॉफी मिळे, तिला आम्ही जळकं पाणी म्हणत असू आणि दोन-दोन वाट्या पीत असू. आमचं गाव नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडं, काळ्या मातीतलं, दहा माणसांत बारा मतं असलेलं. गावानं माझ्या बापाला भेवाडलं, ‘पोट्ट्याले बाटवतीन थे.’ माझा बाप मोझरीच्या आश्रमातल्या भजनाला जाणारा, खंजिरी वाजवणारा, आणि कोणी ‘जाऊ नको’ म्हटलं की हटकून जाणारा. तो स्वतः बोर्डिंग पाहून आला आणि चावडीवर उभा राहून म्हणाला, ‘बाटवतीन? अबे, थे लोक आपल्याहून कडक हायेत. इथं बसलेला एक तरी तिथं चार दिस टिकन काय?’ सगळ्यांच्या हातात बिड्या होत्या. पोरांनी सकाळी बागेत काम करायचं आणि त्यात शिकायचं, हेही बापाला आवडलं. माय मात्र रडली. ती बंडीच्या मागं शिवेपर्यंत चालत आली आणि रोडग्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, ‘तिथं काही करमनार नाई माह्या लेकराले.’

मी खरं तेच लिहिणार म्हणून बसलोय, तेव्हा लिहितो. पहिल्या आठवड्यातच मला तिथं असं करमलं, असं करमलं, की घर स्वप्नातसुद्धा येईना. कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता, तीच घंटा. ती वाजली की पोरं बागेत पळत, संत्र्याच्या आळ्यात पाणी सोडत, एकमेकांच्या चड्ड्या भिजवत. मग प्रार्थना. गाणं चार आवाजांत म्हणत. चार जण एकाच वेळी चार निराळ्या चालींत गातात आणि भांडण होत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शुक्रवारची दुपार म्हणजे लगीनघरच. कंदिलाच्या काचा राखेनं घासा, कपडे धुवा, अंगण झाडा, शनिवारचं जेवण आजच रांधून ठेवा. आमचे मोठे मास्तर, थोरात मास्तर, पश्चिमेकडं तोंड करून उभे राहत, हात रुळाच्या तुकड्याकडं, आणि आम्ही सूर्याशी शर्यत लावल्यासारखे धावत असू. एकदा घंटा झाली तेव्हा गुलाबचं डोकं अर्धंच विंचरून झालं होतं. मास्तर म्हणाले, ‘फणी फिरवायला हरकत नाही रे.’ गुलाब म्हणे, ‘नाई जी, पाप लागन.’ शनिवारभर तो एका अंगानं साहेब आणि दुसऱ्या अंगानं अस्वल होऊन मिरवला. आणि शनिवारी वावरात न जाणं हे काय सुख आहे, ते कुणब्याच्या पोरालाच कळेल. आमच्या बैलांना पोळ्याला सुट्टी, वर्षातून एकदा. मला दर आठवड्याला. मी बैलाला मागं टाकलं होतं.

मला तिथून जायचं नव्हतं. कशानंही नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

परवाच आमच्या गावात कॉलेजची एक मुलगी आली होती. हातात पाटीसारखा मोबाइल. म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही किती समाधानी आहात, एक ते दहामध्ये सांगा.’ मी म्हणालो, बारा. ती म्हणाली, बारा घेत नाही हे. मी म्हणालो, मग त्याला समजाव. तिला वाटलं, असले प्रश्न आत्ता आत्ता निघालेत. मी तिला म्हणालो, बस, चहा घे, या प्रश्नानं माझं काय केलं होतं ते सांगतो. ती बसली नाही, तिला अजून पुष्कळ घरं करायची होती. म्हणून तुम्हाला सांगतोय.

एका सोमवारी बोर्डिंगात टांगा आला आणि त्यातून सोनवणे बाई उतरल्या. तरुण, चष्मा लावलेल्या, पांढऱ्या पातळातल्या. बाई ॲडव्हेंटिस्टच होत्या, मिरजेकडच्या, समाजशास्त्र की काय ते शिकलेल्या. त्यांच्या वरच्या कचेरीनं त्यांना पाठवलं होतं. बोर्डिंगातली पोरं आणि भोवतालचे मंडळीचे, म्हणजे त्यांच्या चर्चचे लोक अंगानं, मनानं आणि आत्म्यानं बरे आहेत का, याची पाहणी करायला. पाहणी म्हटल्यावर आम्ही हादरलो. आमच्याकडं पाहणी पिकाची होते, नाही तर नवरीची. गुलाब केस विंचरून आला, दोन्ही बाजूंनी. बाई कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या आणि एकेकाला बोलवू लागल्या. झोप येते का, पोट भरतं का, मित्र किती, मार बसतो का, प्रार्थनेत लक्ष लागतं का. आधी त्यांचा एक प्रश्न होता, ‘इथे तुझं मन रमतं का?’ पहिल्याच पोरानं उत्तर दिलं, ‘रमते नाई, मी महादेव आहो.’ त्याला वाटलं, बाई कुठल्या रमतेला शोधून राहिल्या. तेव्हा थोरात मास्तरांनीच सुचवलं, ‘बाई, इकडे करमतं म्हणतात. करमते का, असं विचारा, चटकन कळेल.’ मास्तर नगरकडचे. भला माणूस. पण वऱ्हाडात किती वर्षं राहिला तरी हा माणूस भाकरीला भाकरीच म्हणायचा, भाकर कधी म्हणाला नाही.

आता इथं वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी थांबायला पाहिजे. आमच्याकडं घर सोडून गेलेल्याला ‘करमते का?’ विचारलं की उत्तर एकच असतं, नाही करमत. सासरहून आलेली लेक तिकडं राणीसारखी राहत असो, माय विचारते तेव्हा ती ‘नाही करमत’ म्हणते, आणि मायचा जीव भांड्यात पडतो. मामाकडं महिनाभर लोळणारा भाचाही तेच म्हणतो आणि पुन्हा लोळतो. ‘करमते’ म्हणणं म्हणजे घरच्यांचं नाव पुसणं. हे कोणी शिकवत नाही, बोलायला लागलं की येतं. तर सोनवणे बाईंनी विचारलं, ‘गुलाब, तुला इथे करमतं का?’ गुलाबनं मान खाली घातली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि म्हणाला, ‘नाई करमत जी.’ आणि बेडकासारखा उड्या मारत विटीदांडूला पळाला. दुसरा तेच, तिसरा तेच. बाईंचा चेहरा उतरत गेला. पेन्सिल हळू चालू लागली.

माझी पाळी आली. आदल्या दिवशीच मास्तरांनी प्रार्थनेत सांगितलं होतं, बाई विचारतील तेव्हा देवाला साक्ष ठेवून खरं तेच बोला. बाकीच्यांनी ते एका कानानं ऐकलं. मी दोन्ही कानांनी ऐकलं, आणि माझं असं आहे की एकदा ऐकलं की ऐकलं. बाई म्हणाल्या, ‘तुलाही नसेलच करमत.’ हे ‘असेलच’, ‘नसेलच’ मला लहानपणापासून खपत नाही. माझ्या वतीनं दुसऱ्यानं कायले बोलाव? मी म्हणालो, ‘मले करमते. लय करमते.’ बाईंनी चष्मा वर केला. ‘खरंच? घरची आठवण नाही येत?’ ‘नाई येत. घरी जावंच वाटत नाई.’ गुलाब विटीदांडू टाकून आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, ‘अबे बयाडा, मायच्या जिवावर उठला काय?’

संध्याकाळी मास्तरांनी आम्हाला ओळीनं बसवलं. तोंड पडलेलं. म्हणाले, ‘पोरांनो, तुम्ही इथे इतके दुःखी असाल हे मला माहीत नव्हतं. बाईंना वर तसं कळवावं लागेल. बहुतेक बोर्डिंग बंद होईल आणि तुम्हाला घरी धाडतील.’ मग जो गिल्ला झाला! ‘मास्तर, आमी तं नुसतं म्हनलं होतं!’ ‘म्हनाच लागते ना जी!’ सगळी पोरं उठून बाईंच्या खोलीकडं धावली, दारातच एकमेकांवर पडली आणि पडल्यापडल्याच ओरडू लागली, ‘करमते, बाई, करमते!’ बाई शहाण्या. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, ‘दुपारी नव्हतं करमत, संध्याकाळी करमायला लागलं? कोणी शिकवलं तुम्हाला हे?’ आणि त्यांची नजर थोरात मास्तरांवर गेली. मास्तर कानापर्यंत लाल झाले. आम्हाला ओढून नेत म्हणाले, ‘आता एक शब्द बोलू नका. जे बोललात ते बोललात.’ आम्ही जितकं खरं बोललो तितका तो गरीब माणूस खोटा ठरत चालला होता.

बाईंना पोरांच्या घरीही जायचं होतं. त्यांनी माझं घर निवडलं. साऱ्या बोर्डिंगात एकट्याला करमतं, तर त्याचं घर तरी कसं आहे ते पाहू, असा त्यांचा हिशेब. गुरुवारी मला वाट दाखवायला घेऊन त्या एसटीनं निघाल्या. मी खिडकीशी बसलो, पण बाई मायला काय सांगतील याचाच घोर होता. घरी पोचलो तर मायला कोण आनंद. ओट्यावर घोंगडं अंथरलं, चुलीच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. बाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून एकदमच पाणी सुटलं. ‘छान आहे,’ त्या म्हणाल्या. माय बापाला म्हणाली, ‘बिचारी, घरची आठोन आली असन.’ आणि आणखी रस्सा वाढला. जेवण झाल्यावर बाईंनी मायचा हात हातात घेतला. मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, ‘तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. इतक्या मुलांत तुमचा एकटाच मुलगा असा आहे की त्याला तिथे करमतं. म्हणाला, घरी जावंसंच वाटत नाही.’

मायनं हात काढून घेतला. माझ्याकडं पाहिलं नाही. चुलीजवळ गेली, विझलेल्या लाकडावर पाणी ओतलं, परत आली. ‘असं म्हनला?’ तिनं बापाला विचारलं, जसं काही मी तिथं नव्हतोच. बाप खंजिरीला तेल लावत बसला होता. तो म्हणाला, ‘पोट्टं हाय, म्हनलं असन.’ ‘चार चौघात म्हनला. परक्या बाईसमोर म्हनला. बाकीच्यायची लेकरं मायले धरून हायेत, माहंच तेवढं तुटलं.’ मग ती जी उठली, ‘उद्या बंडी जुपा. याची पेटी घेऊन येऊ. बस झाली शाळा.’ मी ओरडलो, ‘मी नाई येत!’ ‘पाहा,’ माय म्हणाली, ‘पाहा, कसं बोलून राहिलं.’ आणि सोनवणे बाई? त्या गोंधळून ओट्याच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना इतकंच कळलं की आईसुद्धा आपलं मूल त्या बोर्डिंगातून काढून घेत आहे. थोरात मास्तरांची उरलीसुरली बाजूही पडली.

शुक्रवारी पहाटे बंडी निघाली. पुढं बाप, मधे माय आणि बाई, मागं पाय लोंबकळत मी. वाटभर माय माझ्याशी बोलली नाही, पण दर ओढ्याला मागं हात करून मी बंडी धरून आहे ना ते चाचपून पाही. बाईंना बंडीची सवय नव्हती. चाक खड्ड्यात गेलं की त्या मायच्या अंगावर, चाक वर आलं की माय त्यांच्या अंगावर. दुपारपर्यंत दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसू लागल्या होत्या. मायनं त्यांच्या कमरेला आपलं जास्तीचं लुगडं बांधून दुसरं टोक बंडीच्या खुंटाला बांधलं. ‘आता कुठी जातीन बाई,’ म्हणाली. मला मात्र वाटत होतं की बैलांनी बसकण मारावी, आख तुटावा, काहीही व्हावं. बैल जातिवंत निघाले. दिवस कलायच्या आत बोर्डिंगाच्या फाटकात उभे.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. पोरांनी माझी पत्र्याची पेटी ओसरीवर आणून ठेवली. गुलाबनं तिच्यावर बसकण मारली आणि उठायला तयार होईना. तेवढ्यात सूर्य टेकला. मास्तर रुळाच्या तुकड्याकडं गेले, घंटा दिली, परत आले आणि हात जोडून मायला म्हणाले, ‘ताई, आता शब्बाथ लागला. या दिवसात आम्ही कोणाला जा म्हणत नाही, आणि ओझं उचलत नाही. उद्याचा दिवस आमच्याकडे राहा. नंतर खुशाल न्या.’ बापानं बैल सोडले होतेच. तो म्हणाला, ‘मी म्हनलं नव्हतं, कडक हायेत?’

शनिवारी माय चर्चमध्ये मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली. चार आवाजांतलं गाणं सुरू झालं तेव्हा ती इकडंतिकडं पाहू लागली, कोण चुकलं ते शोधत असावी. बाप मांडीवर ठेका धरून बसला होता आणि तो ठेका गाण्याच्या जरा पुढं धावत होता, तरी त्याला कोणी अडवलं नाही. नंतर कडुलिंबाखाली सगळ्यांची पंगत. बोर्डिंगातली पोरं, भोवती राहणारी मंडळीतली घरं, नर्सबाई, सुतार, त्यांची लेकरं. कालच रांधलेलं वरण, शेंगदाण्याचं कालवण. मायनं एक घास खाल्ला आणि हळूच मला विचारलं, म्हणजे बोललीच शेवटी, ‘इथं समदेच आजारी हायेत काय?’ तिनं कनवटीचं गाठोडं सोडलं. आत ठेचा. वास सुटला आणि पंगत तिच्याकडं सरकली. सुताराची म्हातारी सरकली, नर्सबाई सरकल्या, मास्तरांनी पोरांचे हात मोजायला सुरुवात केली आणि मग स्वतःचंच ताट पुढं केलं.

सोनवणे बाई मायच्या शेजारी बसल्या होत्या. मायचा त्यांच्यावर जीव जडला होता, म्हणून तिनं विचारलं, ‘बाई, घर सोडून हिंडता तुमी. तुमाले करमते का वो?’

बाई हसून म्हणाल्या, ‘हो! मला काय, कुठेही छान करमतं.’

मायचा घास हातातच राहिला. ‘अव माय! मांगं कोनीच नाई काय तुमाले?’

‘आहे की. दोन भाऊ आहेत. आई आहे.’

‘माय हाय? जित्ती?’

‘हो, अगदी ठणठणीत आहे.’

‘अन् तिले सोडून तुमाले करमते?’

‘जाऊ दे ना,’ बाप म्हणाला, ‘शयरातली मानसं हायेत.’

‘काहून जाऊ देऊ? शयरातल्या बाईले माय नसते काय?’ मायनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. ‘असं नोका बोलू बाई. कोनी आयकलं तं म्हनन, लेक तुटली. तिकडं तिच्या कानी गेलं तं काय वाटन तिले?’

‘मग मी काय म्हणायचं?’

‘नाई करमत म्हना. मंग लागन तितके दिस राहा ना! कोन काय म्हनते?’

बाईंनी घास खाली ठेवला. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. मग समोर पाहिलं. समोर गुलाब ठेच्याची तिसरी वाढ घेऊन बसला होता.

‘गुलाब,’ बाई म्हणाल्या, ‘तुला इथे करमत नाही ना?’

‘नाई जी,’ गुलाबनं लगेच मान खाली घातली.

‘मग घरी जातोस?’

‘काहून?’ गुलाब दचकला. तोंडातला घासही गिळला नाही. ‘म्या काय केलं?’

‘आणि तू रे? करमतं?’ ‘नाई करमत.’ ‘जातोस?’ ‘नाई जात!’ बाई एकेकाला विचारत गेल्या, आणि पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘नाई करमत’, ‘नाई जात’, ‘नाई करमत’, ‘नाई जात’ असं लेझमीसारखं वाजत गेलं. बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा वरणात पडला. थोरात मास्तर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले, आणि शेवटी सुताराच्या म्हातारीला पाणी वाढलं. हसता हसता बाई एकदम थांबल्या. मायकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, ‘नाही हो करमत मला. कुठेच नाही करमत.’ ‘हां,’ माय म्हणाली, ‘आता कसं!’ आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मला वाटलं, संपलं, सुटलो. पण माझी माय ती. मला हट्ट बापाकडून आला असं लोक म्हणतात, त्यांनी तिला पाहिलेलं नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘आता तू सांग बे. समद्यायदेखत सांग. तुले इथं करमते का?’

गुलाब मागून मान हलवून हलवून सांगत होता, नाही म्हण, नाही म्हण. मास्तरांनी नजर झाडावर लावली होती, मला शिकवल्यासारखं होऊ नये म्हणून. ओसरीवर पेटी. मी आयुष्यात शब्द फिरवलेला नाही. ना त्याआधी, ना नंतर. भावकीच्या भांडणात नाही, सरपंचाच्या निवडणुकीत नाही, डॉक्टरनं तंबाखू सोडायला सांगितली तेव्हाही नाही. आणि सोमवारी देवाला साक्ष ठेवून मी म्हणालो होतो, लय करमते. माय माझ्याकडं पाहत होती. आदल्या दिवशीच्या बंडीची धूळ अजून तिच्या केसांत होती, आणि तिच्या ओठाच्या कडेला रडू दाबताना पडणारी ती मुरड होती जी मी शिवेवर पाहिली होती आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

‘नाई करमत, माय,’ मी म्हणालो.

‘आयकू नाई आलं.’

‘नाई करमत!’ मी ओरडलो. ‘मले इथं नाई करमत!’ आणि ऐकून घ्या, तो शब्द तोंडातून बाहेर पडला मात्र, शिवेवर उभी असलेली माय, चूल, बैलांच्या घंटा, सगळं एकदम आत घुसलं. मी शब्द फिरवला नव्हता. तो बोलल्यावर खरा झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. सोनवणे बाईही पिटत होत्या.

माय सरळ उभी राहिली. तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. सगळ्या पंगतीकडं एकदा फिरून पाहिलं, आणि बापाला हुकूम दिला, ‘राहू द्या याले इथं. पेटी आत नेऊन ठेवा.’

‘ताई,’ मास्तर अजिजीनं म्हणाले, ‘शब्बाथ आहे. ओझं सूर्य बुडाल्यावर हलवू.’

‘बरं मंग राहू द्या तिथंच,’ माय म्हणाली. ‘कुठी जाऊन राहिली थे.’

सूर्य बुडाला, घंटा झाली, आणि पोरं मैदानात सुटली. शब्बाथ संपला की मास्तर तोंडानं बाजा वाजवत आणि आम्ही दोघादोघांच्या जोड्या करून मैदानाला फेरे घालत असू. आधी चालत, मग झपझप, मग पळत, शेवटी कोण कोणाचा हात धरून आहे तेही कळत नसे. त्या दिवशी बाईंनी पातळ खोचलं आणि एका चिमुरड्याचा हात धरून त्याही फेऱ्यात आल्या. बाप खंजिरी घेऊन मास्तरांच्या शेजारी बसला, ठेका त्यांच्या पुढं पुढं पळवत. माय बंडीच्या जुवावर बसली होती. मी गुलाबचा हात धरून पहिला फेरा घेत तिच्यासमोरून गेलो.

‘करमते का बे?’ तिनं हाक मारली.

‘नाई करमत!’ मी पळता पळता ओरडलो.

दुसरा फेरा आला. ‘करमते का?’

‘नाई!’ आता सगळी रांगच ओरडली, बाईसुद्धा. माय जुवावर मागं रेलून पोट धरधरून हसत होती, आणि मास्तरांचा बाजा आणखी जोरात सुटला.